फितीत गुंडाळलेला सूर्य

सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळतात आणि ऊर्जा बाहेर पडते. पृथ्वीवर हेच करायचं तर वायू दहा कोटी अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावा लागतो. असलं पातेलं कोणत्या धातूचं आणणार? म्हणून भांडं चुंबकाचं. विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, मेदुवड्याच्या आकाराच्या पोकळीत भिंतींपासून अधांतरी धरून ठेवायचा.

अमेरिकेतल्या एमआयटीतून 2018 साली निघालेल्या ‘कॉमनवेल्थ फ्युजन सिस्टिम्स’ या कंपनीची सारी भिस्त या चुंबकावर आहे. तो तारेचा नाही, फितीचा. जेमतेम काही मिलिमीटर रुंद, आणि त्यातला अतिवाहक थर तर केसाहूनही बारीक. अशी 267 किलोमीटर फीत गुंडाळून चुंबक बनवला, उणे 253 अंशांपर्यंत थंड केला आणि सप्टेंबर 2021 मध्ये त्याने 20 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र गाठलं. याचं महत्त्व असं, की क्षेत्र दुप्पट केलं तर तेवढ्याच जागेतून सोळापट ऊर्जा मिळू शकते. म्हणजे फ्रान्समधल्या अवाढव्य ‘आयटर’ भट्टीऐवजी बरीच छोटी भट्टी पुरेल. तशी ‘स्पार्क’ नावाची भट्टी मॅसॅच्युसेट्समध्ये उभी राहते आहे.

व्हर्जिनियातल्या पुढच्या, 400 मेगावॉटच्या प्रकल्पाची निम्मी वीज गूगलने 2025 मध्येच बोलून ठेवली. बाजारात तुरी म्हणतात ती हीच! तरी माझा पैसा फितीवर. खरी धास्ती वाटते ती अणुगर्भ मिसळताना सुटणाऱ्या न्यूट्रॉनांची: चुंबक त्यांना अडवू शकत नाही, आणि त्यांचा मारा भिंतींना रोज सोसायचा आहे.