गुपित कधी फोडता येतं?

रुग्णाने खोलीत सांगितलेलं खोलीतच राहावं, हा नियम मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 मध्ये आहे. पण त्याच कलमात दारही ठेवलंय. रुग्णामुळे दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल, तर डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ माहिती देऊ शकतो. मात्र तो धोका टाळण्यापुरतीच. म्हणजे धमकीबद्दल सांगायचं, लहानपणच्या आठवणी नाहीत. उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला किंवा उच्च न्यायालयाच्या आदेशावरूनही माहिती देता येते. फोटो किंवा माहिती माध्यमांना द्यायची, तर रुग्णाची संमती हवीच (कलम 24).

बालकावरच्या लैंगिक अत्याचाराचं मात्र वेगळं आहे. तिथे बोलण्याची नुसती मुभा नाही, सक्ती आहे. ‘पॉक्सो’ कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे गुन्हा कळला किंवा घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं. गप्प राहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे कलम 19(7) स्पष्ट सांगतं. समुपदेशकांची खरी अडचण वेगळीच : हे सगळं रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावं, तर तो पुढे तोंड उघडेल का?