दरड कां कोसळते?

विद्यार्थीमित्रहो, आपला गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिण तीरावरील. काळ्या रानांत वाढलेल्या आपणांस डोंगर म्हणजे अचल वस्तु वाटते. परंतु डोंगराचा उतार हा वस्तुतः एक तोल आहे. उतारावरील माती आपल्या भारानें खालीं येऊं पाहते व खडकावरील पकड तिला धरून ठेविते. भार वाढला किंवा पकड सैल झाली, कीं तोल ढळतो.

हिमालयांत हा तोल हिम बिघडवितें. तेथें हिमाचे थर एकावर एक सांचतात. वसंतांतील उन्हानें वरचें हिम वितळतें, पाणी आंत झिरपतें, एखादा दुबळा थर सुटतो आणि सारें हिम लोटासारखें खालीं येतें. म्हणून जाणते गिर्यारोहक हिम गोठलेलें असतां पहांटेपूर्वींच निघतात व ऊन तापण्याआधीं धोक्याचा उतार सोडतात.

सह्याद्रींत हेंच काम पाऊस करितो. तेथें काळ्या अग्निजन्य खडकावर झिजलेल्या दगडमातीचा जाड थर असतो. पाऊस पिऊन शेत कसें जड होतें, हें आपण जाणतांच. उतारावरील मातीही तशीच जड होते. शिवाय मुरलेल्या पाण्यास खालच्या कठीण खडकांत सहज वाट मिळत नाहीं. मग तें मातीच्या कणांस आंतून रेटून त्यांची पकड मोडतें. वृक्षतोड व रस्त्यासाठीं कापलेला पायथा ह्यांनीं धोका अधिकच वाढतो.

पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं असेंच गाडलें गेलें. १५१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. नित्याची एस. टी. घेऊन आलेल्या चालकास गांवच दिसेना, तेव्हां ही वार्ता बाहेर पोंचली. रायगड जिल्ह्यांत २२ जुलै २०२१ रोजीं तळीये येथें ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्याच जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसें सांपडलींच नाहींत. दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या सरकारी यादींत ह्या वाडीचें नांव नव्हतें.

तेव्हां यादीबरोबर डोळेही उघडे हवेत. जमिनीस नव्या भेगा पडणें, झाडें वा खांब कलणें, दारें अकस्मात् घट्ट बसणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें किंवा नवाच झरा फुटणें, डोंगरांतून घरघर ऐकूं येणें, हीं सर्व पूर्वचिन्हें होत. तीं दिसतांच सामानाचा मोह सोडून निघावें. ओढ्याच्या वाटेनें खालीं न धांवतां बाजूस सरावें.

पालकांसही एक विनंति. पावसाळ्यांत मुलें घाटांत सहलीस निघतात. दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस झाला असेल, तर बेत पुढें ढकलावा. पाऊस उघडला म्हणून लगेच निर्धास्त होऊं नये; मुरलेलें पाणी आंत आपलें काम करीतच असतें.