बालकांचा आहार : फळांचा रस केव्हा आणि किती?

इंदूरहून येणारा महामार्ग बुऱ्हाणपूर ओलांडून इच्छापूरला पोचतो आणि पुढे थोड्याच अंतरावर महाराष्ट्रातील जळगाव जिल्ह्यात शिरतो. सीमेच्या दोन्ही बाजूंस तापीच्या खोऱ्यात केळीच्या बागा आहेत. फळांची अशी विपुलता असलेल्या या भागात तान्ह्या बाळाला फळ कोणत्या स्वरूपात द्यावे, याची नीट माहिती प्रत्येक कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

बाळाला तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून संत्र्या-मोसंब्याचा रस पाजावा, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. त्यास कारणही होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य शहरांतील, वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांमध्ये स्कर्व्ही हा रोग आढळून येई. दूध तापविल्याने त्यातील ‘क’ जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. म्हणून न्यूयॉर्कचे डॉ. आल्फ्रेड हेस यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी अशा बाळांना संत्र्याचा रस देण्याचा पुरस्कार केला. पुढे हाच सल्ला सर्वच बाळांच्या बाबतीत रूढ झाला. वस्तुतः आईचा आहार चौरस असेल, तर अंगावर पिणाऱ्या बाळाला हे जीवनसत्त्व तिच्या दुधातूनच मिळते.

पहिले सहा महिने : या काळात बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. वैशाखातील उन्हातही वेगळे पाणी वा रस देण्याची गरज नसते. कारण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. बाळाला अधिक वेळा अंगावर पाजावे. रसाने बाळाचे इवलेसे पोट भरते आणि तितके दूध कमी प्यायले जाते. शिवाय अस्वच्छ भांडे, पाणी वा बाटली यांमुळे जुलाब होण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

सहा महिन्यांनंतर : आता वरच्या आहारास प्रारंभ करावा, स्तनपान मात्र दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. मऊ खिचडी, घट्ट वरण-भात यांच्या जोडीला फळ द्यावे, परंतु ते रस काढून नव्हे. रस गाळताना तंतुमय भाग चोथ्याबरोबर टाकला जातो आणि मुख्यतः साखर व पाणी उरते. पिकलेले केळे स्वच्छ हातांनी सोलून, कुस्करून प्रथम दोन-तीन चमचे भरवावे. पपई, चिकू हीही फळे अशीच देता येतात. वरणावर लिंबाचे चार थेंब पिळल्यास अन्नातील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. अखंड द्राक्षे व सफरचंदाच्या कडक फोडी लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

रसाचे प्रमाण : भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ या संस्थेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना रस देऊच नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी १२५ मिलिलिटर, म्हणजे साधारण एक लहान पेला, आणि त्यावरील मुलांना २५० मिलिलिटर, ही कमाल मर्यादा होय. तोही ताजा असावा व पेल्यानेच द्यावा. बाटलीने सतत रस चोखल्यास दात किडतात.

विकतची पेये : खोक्यातील वा बाटलीतील पेयांत पुष्कळदा फळांचा अंश थोडा व साखर अधिक असते. जून २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डब्यांवरील ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे आदेश उत्पादकांना दिले. रसवंतीवरील उसाचा रस व त्यातील बर्फ लहान मुलांना देऊ नये.

जुलाब झाल्यास : फळांचा रस हा त्यावरील उपाय नव्हे, त्यातील साखरेने जुलाब वाढू शकतात. आईचे दूध चालू ठेवून जलसंजीवनी द्यावी, आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. बाळ मलूल झाल्यास, डोळे खोल गेल्यास वा पिणे बंद केल्यास त्याला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

ही माहिती घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांपर्यंत पोचणे विशेष आवश्यक आहे. कारण बाळाच्या खाण्यापिण्याचा निर्णय बहुधा त्याच घेतात. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व शिक्षक यांनी माता-सभांतून केळे कुस्करून भरविण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. बागेतले पिकलेले केळे, स्वच्छ वाटी आणि धुतलेले हात एवढ्याच साहित्यावर हे काम होण्यासारखे आहे.