पत्र्याच्या घरातील मोबाईल सिग्नल

पिकाच्या राखणीसाठी अनेक शेतकरी कुटुंबे शेतावर पत्र्याच्या घरात राहतात. अंगणात मोबाईल नीट चालतो, पण घरात शिरताच आवाज तुटतो. रात्री-अपरात्री सर्पदंश झाल्यास, अथवा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या 'दामिनी' ॲपवरील विजेची सूचना न पोहोचल्यास, ही अडचण जिवावर बेतू शकते.

दोष बहुधा फोनचा नसून पत्र्याचा असतो. धातूचा पत्रा रेडिओलहरी परतवितो. त्या दारे, खिडक्या व फटी यांतूनच काय त्या आत येतात. पत्र्याने बंद केलेल्या वाहनातही असेच घडते.

प्रथम मोजमाप करावे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची शक्ती 'डीबीएम' या एककात दिसते. फोर-जी सेवेत उणे 85 चांगला, तर उणे 105 क्षीण समजावा. हा 20 चा फरक म्हणजे शक्ती शंभरपटीने कमी होणे होय. घराच्या चारी बाजूंस व आत हा आकडा टिपून घ्यावा. दुसऱ्या कंपनीचे सिमही तेथेच तपासावे.

ज्या बाजूस सिग्नल उत्तम, त्या बाजूस खिडकी ठेवावी किंवा भिंतीतील एक पत्रा काढून तेथे फायबरचा पत्रा बसवावा. त्यातून लहरी सहज आत येतात. त्याच ठिकाणी फळी ठोकून एक फोन ठेवावा व त्याचे हॉटस्पॉट चालू करावे. म्हणजे घरातील इतर फोनवर इंटरनेट मिळते. एवढ्यानेही न भागल्यास बाहेरील अँटेना जोडता येईल असा फोर-जी राउटर घ्यावा. अँटेना घराबाहेर टॉवरच्या दिशेने लावावी व तिची केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. अँटेनाच्या लोखंडी खांबास अर्थिंग अवश्य करावे आणि विजा चमकत असता खांबाजवळ जाऊ नये.

बाजारात मिळणारी 'सिग्नल बूस्टर' यंत्रे मात्र घेऊ नयेत. ती परवानगीवाचून बाळगणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्यांमुळे आसपासच्या सर्वांच्या सेवेत व्यत्यय येतो.

आपल्या कंपनीचा सिग्नल नसला, तरी तेथे दुसऱ्या कंपनीचा असल्यास 112 हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतावर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबास सांगावी आणि सिग्नलची जागा पावसाळ्यापूर्वीच त्यांच्यासह शोधून ठेवावी.