हूटर वाजला म्हणजे वायरिंग बरोबर आहे का?

सोसायटीत, शाळेत किंवा लहानशा रुग्णालयात फायर अलार्म बसवून झाला की शेवटी एक चाचणी होते. कोणीतरी भिंतीवरचा लाल एमसीपी (मॅन्युअल कॉल पॉइंट) दाबतो, मजल्यामजल्यावर हूटर वाजतात, स्ट्रोबचे पांढरे दिवे लखलखतात आणि काम पूर्ण झाल्याची सही होते. या चाचणीतून एवढेच सिद्ध होते की त्या दिवशी, वीज चालू असताना आणि सगळ्या तारा शाबूत असताना हूटर वाजले. आग यांपैकी एकही अट पाळत नाही. आगीत वीज जाते, इन्सुलेशन वितळते, माणसे बंद दाराआड झोपलेली असतात. दारावरची घंटा बिघडली तर पाहुणा दार ठोठावतो आणि बिघाड लगेच कळतो. हूटर बिघडला आहे हे मात्र आगीच्या रात्रीपर्यंत कोणाला कळत नाही. म्हणून या कामाची कसोटी वेगळी आहे. वायरिंगमध्ये बिघाड झाला तर तो पॅनेलने स्वतःहून सांगितला पाहिजे आणि आग लागलेली असतानाही शेवटच्या माणसापर्यंत इशारा पोहोचला पाहिजे. हूटर आणि स्ट्रोबबद्दलचे बहुतेक गैरसमज ही कसोटी विसरल्यामुळे निर्माण झाले आहेत.

गैरसमज : करंट पोहोचला की झाले, तार कुठूनही जोडा

हूटरच्या सर्किटमध्ये पॅनेल एरवीही अगदी अल्प करंट सोडत असते. सर्किटच्या शेवटच्या हूटरवर एक रेझिस्टर लावलेला असतो, त्यातून हा करंट फिरून पॅनेलकडे परततो. या वेळी तारांवरचे प्लस-मायनस उलटे असतात आणि प्रत्येक हूटरमधला डायोड उलटा करंट आत येऊ देत नाही, म्हणून हूटर गप्प राहतो. अलार्म आला की पॅनेल प्लस-मायनस पालटून पूर्ण २४ व्होल्ट सोडते आणि सगळे हूटर एकदम वाजतात. मध्ये कुठे तार तुटली तर रेझिस्टरपर्यंतचा रस्ता बंद होतो आणि पॅनेलवर फॉल्ट दिसतो. ही राखण खरी ठरायची तर प्रत्येक हूटर याच एका रस्त्यावर असायला हवा. मध्येच जॉइंट मारून शेजारच्या खोलीत एक हूटर नेला, तर ती फांदी राखणीच्या बाहेर राहते. उद्या उंदराने तिची तार कुरतडली तरी रेझिस्टरकडून करंट परतत राहतो आणि पॅनेल सर्व ठीक असल्याचे दाखवते.

हीच चूक टर्मिनलवर अधिक बारीक रूपात होते. हूटरच्या बेसवर येणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या तारेसाठी वेगवेगळे स्क्रू असतात. घाईत तार न कापता मधलेच इन्सुलेशन सोलून तिचा वळसा एका स्क्रूखाली अडकवला जातो. काही महिन्यांनी स्क्रू सैल होतो, वळसा निसटतो, हूटर मुका होतो. पण तार अखंड असल्यामुळे पॅनेलला त्याचा पत्ता लागत नाही. तीच तार कापून दोन टोके दोन टर्मिनलांत घट्ट केली असती, तर एक टोक निसटताच फॉल्ट आला असता. रेझिस्टर शेवटच्या हूटरवर न नेता पॅनेलच्याच टर्मिनलवर लावून टाकणे ही तर याहून मोठी चूक, कारण मग पॅनेल बाहेरच्या तारांवर नजरच ठेवत नाही. नव्या अ‍ॅड्रेसेबल पॅनेलमुळे हा प्रश्न मिटला, असे म्हटले जाते. हूटर स्वतः लूपवर असेल आणि पॅनेल त्याची नावानिशी हजेरी घेत असेल तर ते खरे आहे. पण बऱ्याच ठिकाणी लूपवर फक्त कंट्रोल मॉड्यूल असतो आणि त्याच्या पुढे साधे हूटर जोडलेले असतात. मॉड्यूलच्या पुढचे वायरिंग जुन्याच दोन तारांचे असते आणि त्याला जुनेच नियम लागू होतात.

गैरसमज : पॅनेल २४ व्होल्टचे, म्हणजे शेवटच्या हूटरलाही २४ व्होल्ट

तारेला रेझिस्टन्स असतो आणि लांबीबरोबर तो वाढतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम आहे. पॅनेलपासून शेवटचा हूटर १२० मीटरवर असेल तर जाणारी आणि येणारी मिळून २४० मीटर तार होते, म्हणजे सुमारे २.९ ओहम. या सर्किटवर प्रत्येकी १२० मिलिअँपिअरचे १५ हूटर-स्ट्रोब आहेत असे धरू. एकूण करंट १.८ अँपिअर, आणि सगळा भार टोकाला आहे असे मानून केलेल्या हिशेबात तारेतच ५.२ व्होल्ट खर्च होतात. चाचणीच्या दिवशी पॅनेलवर २४ व्होल्ट असतात, म्हणून टोकाला १८.८ मिळतात आणि सगळे वाजते. आगीच्या रात्री वीज गेलेली असते. उतरत आलेल्या बॅटरीसाठी हिशेबात २०.४ व्होल्ट धरण्याची रीत आहे. त्यातून ५.२ गेले की १५.२ उरतात. या वर्गातली बरीच उपकरणे १६ व्होल्टपर्यंतच कामाची हमी देतात. शिवाय व्होल्टेज घटले की स्ट्रोब आपला प्रकाश टिकवायला जास्त करंट ओढतो, त्यामुळे घट आणखी वाढते.

सगळा भार टोकाला धरणे हा फार कडक हिशेब झाला, असा आक्षेप घेता येईल. तो कडक आहे हे खरे, पण त्यात चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते. उपायही अवघड नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच घट सुमारे ३.२ व्होल्टवर येते आणि उतरत्या बॅटरीवरही टोकाला १७ व्होल्टच्या वर मिळतात. नाहीतर हूटर दोन सर्किटांत विभागावेत. मागाहून ‘अजून दोन हूटर लावून द्या’ म्हणताना मात्र हा हिशेब पुन्हा करावा लागतो, आणि तोच सहसा राहून जातो.

गैरसमज : एफआर वायर आगीत टिकते

दुकानात ‘फायरवाली वायर’ म्हणून एफआर किंवा एफआरएलएस वायर हातात दिली जाते. या अक्षरांचा अर्थ एवढाच की वायर ज्वाला पुढे पसरवत नाही, आणि एलएस असेल तर धूर कमी करते. ज्वाळेत सापडल्यावर ती करंट वाहत राहील, असे वचन त्यात नाही. तिचे पीव्हीसी इन्सुलेशन सामान्य वापरात ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे असते. आगीत ते वितळले की दोन तारा एकमेकींना टेकतात, सर्किट शॉर्ट होते आणि त्यावरचे सगळेच हूटर एकदम गप्प होतात. ज्या मजल्यावर अजून धूरही पोहोचलेला नाही, तिथलेसुद्धा. आगीत चालू राहणारी केबल वेगळी असते. बाजारात तिला फायर सर्व्हायव्हल केबल म्हणतात आणि तिची परीक्षा ज्वाळेत धरून, करंट चालू ठेवून घेतली जाते. आयईसी ६०३३१ च्या चाचणीत ज्वाळेचे तापमान किमान ७५० अंश असते, तर बीएस ६३८७ च्या सर्वांत कडक वर्गात केबल ९५० अंशांत ३ तास टिकावी लागते. ही केबल महाग आहे हे खरे. पण डिटेक्टरची तार अलार्म दिल्यानंतर जळाली तरी तिचे काम झालेले असते, हूटरच्या तारेचे काम तिथून सुरू होते. बचत करायचीच असेल तर ती हूटरच्या तारेत करू नये. ती तार २३० व्होल्टच्या वायरिंगबरोबर एकाच पाइपातही घालू नये.

गैरसमज : लॉबीत एक मोठा हूटर पुरतो

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर १०० डेसिबल देणारा हूटर आठ मीटरवर ८२ पर्यंत उतरतो. मध्ये साधे बंद दार आले की आणखी सुमारे २० डेसिबल जातात, जाड फायर डोअर असेल तर सुमारे ३०. म्हणजे लॉबीत कानठळ्या बसवणारा आवाज पलंगापाशी ६० च्या आसपास उरतो. भारतीय मानक आयएस २१८९ सर्वसाधारण जागेत किमान ६५ डेसिबल किंवा आजूबाजूच्या आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त, यांतले जे मोठे असेल ते मागते, आणि जिथे माणसे झोपतात तिथे उशापाशी ७५. म्हणून एका भोंग्यापेक्षा ठिकठिकाणी लावलेले मध्यम आवाजाचे हूटर अधिक उपयोगी ठरतात. जवळ उभ्या असलेल्यांना एकमेकांचे बोलणेही ऐकू येते, आणि जागा रिकामी करताना त्याची गरज असते. जिथे माणसे स्वतः चालत बाहेर पडू शकत नाहीत, तिथे आवाज कोणापर्यंत पोहोचायला हवा हे आधी ठरवावे लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत १० अर्भकांचा जीव गेला. अशा कक्षात इशारा बाळांसाठी नसतो, त्यांना उचलून बाहेर नेणाऱ्यांसाठी असतो. ते जिथे बसतात, जिथे घटकाभर टेकतात, तिथे तो ऐकू आलाच पाहिजे.

गैरसमज : स्ट्रोब ही शोभा, आणि लावायचेच तर जितके जास्त तितके चांगले

२०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक लोकांनी श्रवणदोष नोंदवला होता. त्यांच्याशिवाय यंत्रांच्या गोंगाटात कानांवर मफ लावून काम करणारा कामगारही हूटर ऐकू शकत नाही. या सगळ्यांसाठी स्ट्रोब हाच इशारा आहे. पण त्याची संख्या नव्हे, जागा आणि ताळमेळ महत्त्वाचा. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या संहितेनुसार भिंतीवरचा स्ट्रोब जमिनीपासून साधारण २.०३ ते २.४४ मीटर उंचीवर हवा, कारण धूर आधी छताशी साठतो. १५ कँडेलाचा दिवा सुमारे २० फूट लांब-रुंद खोलीला पुरतो, खोली मोठी झाली की मोठी कँडेला लागते. स्ट्रोब सेकंदाला एक ते दोन वेळा चमकतो. एका नजरेत येणारे अनेक स्ट्रोब वेगवेगळ्या वेळी चमकू लागले तर एकत्रित वेग वाढतो आणि प्रकाशाने झटका येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांना धोका होतो. म्हणून ते एका तालात बांधावे लागतात. स्ट्रोब झोपलेल्या माणसाला हमखास जागे करतो, हेही खरे नाही. ऑस्ट्रेलियातील डोरोथी ब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी ऐकू येणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत प्रकाशापेक्षा ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीचा आवाज आणि पलंग हलवणारे उपकरण कितीतरी जास्त परिणामकारक ठरले. वसतिगृहात किंवा हॉटेलात हे लक्षात घ्यायला हवे.

एवढा काटेकोरपणा कशाला, इतकी वर्षे काही झाले नाही, हा शेवटचा आक्षेप. त्या वर्षांत यंत्रणेची परीक्षाच झालेली नसते, त्यामुळे ती चांगली असल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही. पॅनेलवरचा फॉल्ट सारखा वाजतो म्हणून बझर बंद करून ठेवणे म्हणजे तर तिने दिलेली एकमेव पूर्वसूचना पुसून टाकणे आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार मालक किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन द्यायचे असते. पुढच्या वेळी त्या कागदावर सही घेण्याआधी एजन्सीच्या तंत्रज्ञाकडून तीन गोष्टी समोर करून घ्या. प्रत्येक सर्किटवरच्या एखाद्या हूटरची तार सोडवायला सांगा, पॅनेल पुन्हा चालू केल्यावर त्यावर फॉल्ट आला पाहिजे. मुख्य वीज बंद करून बॅटरीवर पूर्ण अलार्म वाजवायला सांगा आणि शेवटच्या हूटरवर मीटर लावून व्होल्टेज वाचा. बेडरूमचे दार लावून उशापाशी डेसिबल मोजा. तार सोडवणे-जोडणे स्वतः करू नका, ते काम पॅनेलची वीज आणि बॅटरी दोन्ही तोडूनच व्हायला हवे. हूटर जोडलेले असतानाच तपासणारा मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे उपकरण) लावू लागला तर त्याला थांबवा, कारण मेगरच्या ५०० व्होल्टांनी आतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. या तीनही कसोट्यांना उतरलेली यंत्रणाच सहीला पात्र आहे.