'मारलं' म्हणजे नेमकं काय केलं?

दोस्तांनो, एक गंमत करून पाहा. 'दादाने मला मारलं' या वाक्याचं इंग्रजी करा. घाईघाईत कुणीतरी नक्की लिहील, 'माय ब्रदर किल्ड मी!' आता दादाने खरंच ठार मारलं असेल, तर हे वाक्य वहीत लिहितंय कोण? भूत?

ही चूक होते, कारण आपलं 'मारणं' फार ऐसपैस आहे. आपण डास मारतो, टपली मारतो, शिट्टी मारतो आणि थापाही मारतो! त्यातलं कोणतं मारणं, ते आपल्याला बोलण्याच्या ओघात बरोबर कळतं. इंग्रजीत मात्र माराच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द. उघड्या हाताने मारली की 'स्लॅप', मुठीने मारला की 'पंच', पायाने मारली की 'किक'. पुनःपुन्हा मारत राहिलं की 'बीट'. आणि जीवच गेला, तर 'किल'.

पण 'किल' म्हणजे काही खून नव्हे. वीज पडून, अपघातात किंवा रोगाने माणसं दगावली, तरी इंग्रजीत 'किल' चालतं. वीज कधी 'मर्डर' करत नाही! मर्डर माणूसच करतो आणि तोही जाणूनबुजून. मारला गेलेला माणूस मोठा नेता असेल आणि राजकीय कारणासाठी कट करून त्याला मारलं असेल, तर शब्द येतो 'असॅसिनेशन'. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांची १८६५ मधली हत्या आणि ३० जानेवारी १९४८ रोजी झालेली गांधीजींची हत्या, दोन्हींसाठी इंग्रजी पुस्तकांत हाच शब्द असतो. कोर्टात मात्र गांधीजींच्या मारेकऱ्यावरचा गुन्हा साधा 'मर्डर'चाच होता. कायद्यापुढे मोठ्या माणसाचा जीव आणि लहान माणसाचा जीव सारखाच!

आता 'असॉल्ट' घ्या. वर्तमानपत्रात हा शब्द मारहाण या अर्थाने येतो. पण आपल्या कायद्यात नुसती मूठ उगारून कुणाच्या अंगावर धावून गेलात, आता मार बसणार असं त्याला वाटलं, तरी तो 'असॉल्ट' होऊ शकतो. बोटही लावायला नको! मात्र नुसत्या शब्दांनी असॉल्ट होत नाही.

'मगिंग'ची तर वेगळीच तऱ्हा. आपल्याकडची कॉलेजातली ताई परीक्षेच्या सकाळी सांगते, 'रात्रभर मगिंग केलं.' म्हणजे घोकंपट्टी. हेच वाक्य लंडनमधल्या माणसाने ऐकलं तर तो दचकेल. तिकडे रस्त्यात गाठून, मारून किंवा धमकावून लुबाडणं म्हणजे मगिंग!

इथपर्यंत गंमत झाली. पण शब्द जसं दाखवतात, तसं झाकूनही ठेवतात. ५ मार्च १७७० रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. ५ माणसं मेली. बोस्टनच्या लोकांनी पुस्तिका छापली, तिच्या नावात शब्द होता 'मॅसॅकर', म्हणजे कत्तल. त्याच वर्षी लंडनमध्ये दुसरी पुस्तिका निघाली, तिच्या नावात शब्द होता 'डिस्टर्बन्स', म्हणजे गडबड. गोळ्या त्याच, माणसं तीच. फक्त शब्द बदलला!

आपल्याकडेही असंच घडलं. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने नि:शस्त्र लोकांवर इशारा न देता गोळीबार करायला लावला. सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसं मेली. पंजाब, दिल्ली आणि मुंबईकडच्या त्या वेळच्या घटनांच्या चौकशीसाठी सरकारने समिती नेमली. तिचं नाव काय ठेवलं? 'डिसॉर्डर्स इन्क्वायरी कमिटी'. डिसॉर्डर्स म्हणजे दंगाधोपा! तिच्या अहवालात डायरला दोष दिला होता, पण नाव वाचून वाटावं की दोष लोकांचाच. आज मात्र इंग्रजी इतिहासातसुद्धा या घटनेला मॅसॅकरच म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध? आहे ना! चार जण मिळून एका मुलाला रोज मधल्या सुट्टीत ढकलतात, त्याचा डबा हिसकावतात. बाईंनी विचारलं की उत्तर तयार, 'मस्करी करत होतो बाई!' पण 'मस्करी' म्हटल्याने त्याचं फुटलेलं कोपर बरं होतं का? उलट, रांगेत चुकून धक्का लागला आणि कुणी घरी जाऊन 'त्याने मला बदडलं' असं सांगितलं, तर तेही खोटंच. त्यात एखाद्या निरपराध मुलाला शिक्षा व्हायची.

म्हणून कुठलीही मारामारी सांगताना पाच प्रश्नांची उत्तरं द्या. कोणी मारलं? कोणाला? कशाने? किती वेळा? मुद्दाम की चुकून? मग मराठीतलं 'मारलं'सुद्धा अगदी नेमकं होईल. आईबाबा, तुम्हीही मुलांना 'जाऊ दे रे, मस्ती असेल' म्हणण्याआधी हेच पाच प्रश्न शांतपणे विचारा.

आणि हो, उद्याच्या वर्तमानपत्रात हल्ल्याची एखादी बातमी दिसली, तर तिच्यातला शब्द या पाच प्रश्नांना लावून पाहा. शब्द बरोबर बसतो, की काहीतरी झाकतो?