ट्रॅक्टर उलटतो तेव्हा

अँटॉप हिल-वडाळ्यातल्या कित्येक मराठी घरांची शेती अजून गावी आहे. मे महिन्यात गेलं की चुलत्यांचा ट्रॅक्टर चालवायची हौस पोरांना होतेच. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

"हळू चालवलं की उलटत नाही," हा सगळ्यात पक्का समज. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता असतो. त्यामुळे चार चाकं असली तरी तोल सांभाळला जातो तो दोन मागची चाकं आणि ती खिळी यांच्या त्रिकोणावर. आडव्या उतारावर वरचं चाक बांधावर चढलं किंवा खालचं खड्ड्यात गेलं, की वजन त्रिकोणाबाहेर जातं. चालण्याच्या वेगातही हे घडतं. मागचा रोटाव्हेटर उंच उचललेला असेल तर अधिकच लवकर.

"उलटायला लागला तर उडी मारू," हा दुसरा समज. मागचं चाक चिखलात रुतलं, तरीही रेस देऊन क्लच झटक्यात सोडला, तर चाक फिरत नाही; त्याच जोरावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं. साधारण पाऊण सेकंदात तो परत न येण्याच्या टप्प्यापलीकडे जातो, दीड सेकंदात पूर्ण पालथा. एवढ्यात माणसाला कळतसुद्धा नाही. रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्याने ओढून काढावा. ओझं ओढताना साखळी खालच्या हुकालाच लावावी, वरच्या टॉप लिंकला कधीच नाही.

"सीटचा पट्टा बांधू नये," हा समज अर्धा खरा आहे. डोक्यामागे लोखंडी कमान नसेल तर पट्टा बांधू नये. कमान असेल तर मात्र बांधलाच पाहिजे, नाहीतर माणूस फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना कमान सक्तीची केली आणि तिथे उलटून होणारे मृत्यू पुढे खूप घटले. हापूसच्या बागेत फांद्या लागतात म्हणून कमान दुमडतात. बाहेर पडताच उभी करा.

उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं तर जिवावर बेततं. इंजिनचा अटकाव जातो आणि भरलेली ट्रॉली मागून ढकलते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक-पेडल खिटीने जोडलेली हवीत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो.

 

आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नका, लहान मुलांना तर नाहीच. कमान फक्त चालकाला वाचवते.